घरचा उशीर

मुजावर मॅडमनी कागद पुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. दाखवायची काही गरज नव्हती. तेजश्री सुतारने त्या जागी या वर्षात पंधरा सह्या केल्या होत्या, ही सोळावी. ‘माझ्या पाल्यास आज घरच्या कारणाने उशीर झाला, याबद्दल मी दिलगीर आहे,’ असं छापील वाक्य होतं आणि त्याखाली ‘प्रभात-पालक’ म्हणून तिचं नाव.

“मॅडम, पोरगी पावणेसातला घरातनं बाहेर पडलीया. मी स्वतः गाडीत बसवलीया तिला,” तेजश्री म्हणाली.

मुजावर मॅडम बाई वाईट नव्हत्या. पण मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून हे वाक्य त्यांनी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलं होतं, की त्यांना ते आता प्रार्थनेसारखं पाठ झालं होतं. त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. गार्गी संकेत सुतार, इयत्ता पहिली. फाटकावर आली सात बत्तीसला. झोपेतून उठली सात तेवीसला. उशिराचा प्रकार: घरचा.

म्हणजे तुमची गार्गी अंथरुणातून उठून नऊ मिनिटांत अंघोळ, नाश्ता, दप्तर सगळं उरकून शाळेत पोचली म्हणायची, असं मॅडम म्हणाल्या. वर, वेण्या मात्र छान घालता हं, असंही म्हणाल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या, खरंच कौतुक करत होत्या. तेजश्रीला तेच जास्त लागलं. तिने सही केली आणि परत कामावर पळाली.

उठण्याची वेळ सांगणारं हे फाटकावरचं यंत्र मुळात शाळेसाठी झालंच नव्हतं. लांबच्या पल्ल्याचे ट्रक चालवणारे नीट झोपून गाडीवर बसलेत का, हे तपासायला ते कुणी तरी काढलं होतं. माणूस झोपला की त्याचं शरीर सरपण बदलतं. जागेपणी मुख्यतः साखर जाळणारा देह झोपेत चरबीकडे वळतो आणि जाग आली की पुन्हा साखरेवर येतो. हा पालट चुटकीसरशी होत नाही. त्याला दीड-दोन तास लागतात, आणि तेवढ्या वेळात आपण सोडतो त्या श्वासातल्या चाळीसएक वायूंचं आपसातलं प्रमाण मिनिटामिनिटाला एका ठरलेल्या वळणाने बदलत जातं. ते वळण लहान-थोर, जाडजूड-किडकिडीत सगळ्यांत जवळजवळ एकच असतं, हा खरा शोध. तो लागल्यावर नळीत एक फुंकर मारली की जाग येऊन किती मिनिटं झाली ते सांगता येऊ लागलं. चूक झालीच तर दोन मिनिटांची.

मग ते कुणाच्या तरी सुपीक डोक्यात शिरलं आणि शाळांच्या फाटकावर आलं. तोवर शाळेत उशीर म्हणजे उशीर एवढंच होतं. फुंकर आली आणि उशिराला दोन घरं मिळाली. मूल वेळेत उठलं पण रस्त्यात अडकलं, तर तो वाटेचा उशीर. तो माफ. मूलच उशिरा उठलं, तर तो घरचा उशीर, आणि तो प्रभात-पालकाच्या नावावर. पहिलीत नाव घालतानाच सगळ्यांनी हमीपत्र लिहून दिलेलं असायचं: वर्षात वीस घरचे उशीर झाले, तर मुलाची सकाळ सांभाळायची जबाबदारी फॉर्मवरच्या दुसऱ्या नावाकडे जाईल. मुलाने वर्षभर त्या घरी राहायचं आणि त्या घराजवळच्या शाळेत जायचं. शाळा सव्वासातला भरायची, पाच मिनिटं सूट.

ऐकायला राक्षसी वाटतं, पण लोकांनी ते गोड मानून घेतलं होतं. हजेरी वाढली होती, पोरं लवकर झोपत होती, वर्गात जांभया कमी झाल्या होत्या. आणि वीस उशीर होतातच कुणाचे? बेफिकीर घरांचे. आपलं घर बेफिकीर नाही याची प्रत्येकाला खात्री होती. ‘प्रभात-पालक’ या रकान्यात इचलकरंजीतल्या शंभरातल्या पंच्याण्णव घरांनी आईचं नाव लिहिलं होतं. उरलेल्या पाच घरांत आई नव्हती.

तेजश्री एका कापड कारखान्यात तपासणीला होती. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि तुटलेला धागा, सुटलेली वीण, तेलाचा डाग तिने धावत्या कापडावर हेरायचा. तिच्या नजरेतून एक वार सुटत नाही असं मुकादम सांगायचा. कारखान्याची बस सात वाजता कोपऱ्यावर यायची, म्हणून गार्गीला शाळेत सोडायचं काम संकेतचं. तो सुताची दलाली करायचा. त्याचा दिवस नवाला सुरू व्हायचा आणि दारात छोटी विजेची गाडी होती. शाळा गाडीने बारा मिनिटांवर.

तरी बाकीचं सगळं तेजश्रीच करायची. पावणेसहाच्या आत गार्गीला उठवायची, अंघोळ घालायची, सहा वीसला तव्यावरची ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी तिला स्वतःच्या हाताने भरवायची. चटणी तिच्या आईच्या पद्धतीची, कच्चा लसूण भरपूर. गार्गीला त्याच्याशिवाय घास उतरायचा नाही. मग वेण्या, रिबिनी. पावणेसातला गाडीचं दार लावून ती हात हलवायची. हे सगळं तिने डोळ्यांनी पाहिलेलं होतं, हातांनी केलेलं होतं. आणि यंत्र म्हणत होतं, पोरगी सात तेवीसला उठली.

रोजच असं व्हायचं, असं नाही. आठवड्यातले चार-पाच दिवस सगळं सुरळीत. मग एखाद्या दिवशी शाळेतून निरोप यायचा. पहिल्या वेळी ती हसली होती. पाचव्या वेळी चिडली. दहाव्या वेळी तिने गार्गीला साडेसातलाच झोपवायला सुरुवात केली आणि घरातला टीव्ही बंद ठेवला. बाराव्या वेळी तिला स्वतःचीच शंका आली आणि तिने आठ दिवस रोज पावणेसातला गाडीत बसलेल्या गार्गीचा फोटो काढला. त्या आठ दिवसांत एकही उशीर झाला नाही. फोटो काढायचे थांबवले आणि चौथ्या दिवशी तेरावा झाला. फोटो तिने तरी मॅडमना नेऊन दाखवले. फोटो कोणत्या दिवशी काढला याला काही अर्थ नाही, यंत्र फोटो बघत नाही, असं उत्तर मिळालं.

या सगळ्यात तिच्या बाजूने एकच माणूस उभा होता, तिचा नवरा. संकेत तावातावाने म्हणायचा, यंत्र बिघडलेलं आहे, आपण गप्प बसायचं नाही. सोडताना पुलावर कोंडी होते, म्हणून कधी कधी अर्धा तास जातो हे तो मान्य करायचा, पण तो वाटेचा उशीर, घरचा कसा? शाळेला दिलेले तिन्ही अर्ज त्यानेच लिहून दिले होते. तिचं मराठी बरं होतं, पण अर्जाची भाषा त्याची. ‘एका कष्टकरी मातेच्या प्रामाणिकपणावर यंत्राने घेतलेला हा संशय’ असं त्याने लिहिलं तेव्हा तिला भरून आलं होतं. ती सणाशिवाय पुरणपोळी करणारी बायको नव्हती, पण त्या रविवारी तिने केली.

सतराव्या सहीच्या वेळी मुजावर मॅडम जरा कचरत म्हणाल्या, की आता लक्ष द्या, तीनच उरलेत. तुमचं दुसरं नाव पुण्याचं आहे, एवढ्या लहान मुलीला एवढं लांब पाठवायचं म्हणजे अवघडच.

पुण्याचं कसं? दुसरं नाव तेजश्रीच्या आईचं ठरलं होतं, गडहिंग्लजचं. फॉर्म संकेतने भरला होता. मॅडमनी पडदा दाखवला. तिथे संकेतच्या थोरल्या बहिणीचं नाव होतं. अमृताताई.

घरी तिने विचारलं तेव्हा संकेत जराही गडबडला नाही. तुझ्या आईचे गुडघे दुखतात, सकाळी पाचला उठून पोरीचं करायचं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ, म्हणून ऐनवेळी ताईचं टाकलं, सांगायचं राहून गेलं, असं म्हणाला. आणि ती वेळ येतेच कशाला? तेजश्रीला ते पटलं. आईच्या गुडघ्यांची त्याने काळजी केली याचं तिला बरंही वाटलं. माणसाला ज्याच्यावर विश्वास ठेवायचा असतो, त्याचं बोलणं पटायला फार कारणं लागत नाहीत.

अमृताताईंना मूल नव्हतं. संकेत नऊ वर्षांचा असताना त्यांची आई गेली आणि ताईंनीच त्याला वाढवलं. गार्गीचं पहिलीत नाव घालायच्या आधीच्या दिवाळीत त्यांनी सरळ विषय काढला होता: गार्गीला दोन-तीन वर्षं माझ्याकडे दे, चांगली शाळा आहे, मोठं घर आहे, मला कोण आहे? तेजश्री सरळच नाही म्हणाली होती. ताई रडल्या होत्या. संकेत दोघींच्या मध्ये मान खाली घालून बसला होता आणि नंतर म्हणाला होता, तू नाही म्हणालीस ना, विषय संपला. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

एकोणीस झाले तेव्हा तेजश्रीने चौथा अर्ज केला. तो मात्र तिने स्वतः लिहिला, चार ओळींचा. यंत्र कंपनीच्या माणसाकडून तपासून घ्यावं, मी समोर हजर राहीन. तसा नियम होता, पण कुणी तो वापरत नसे. शाळेने एका शनिवारी दुपारी कंपनीचा माणूस बोलावला.

पेंढारकर नावाचे गृहस्थ होते, ठाण्याचे, पन्नाशी उलटलेले, हातात जड पेटी. त्यांनी फाटकावरचं यंत्र उघडलं, बाटलीतला ठराविक वायू त्याच्यात सोडला, आकडे जुळवले आणि तासाभराने सांगितलं, की यंत्र ठणठणीत आहे. तेजश्रीचं तोंड उतरलं. ते बघून बहुधा त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी यंत्राच्या पोटातली मूळ नोंद काढून गार्गीच्या ओळी तिला दाखवायला घेतल्या. शाळेच्या पडद्यावर दोन आकडे दिसायचे, इथे सात-आठ रकाने होते.

“हा कशाचा?” तिने एका रकान्यावर बोट ठेवलं. चुकलेला धागा हेरावा तसं ते बोट आपोआप गेलं होतं.

पेंढारकर हसले. तो लसणाचा रकाना आहे म्हणाले. तुमच्या गावाने माझी दोन वर्षं खाल्ली. बाकी शहरांतली मुलं सकाळी दूध-बिस्किट खाऊन येतात. इथे निम्मी शाळा लसणाची चटणी खाऊन येते. लसणाचा वायू पोटातून रक्तात जातो आणि फुप्फुसातून तासन्‌तास बाहेर पडत राहतो, दात घासून जात नाही, आणि आमच्या चाळीस वायूंपैकी तीन झाकून टाकतो. मग आम्ही फक्त या भागासाठी यंत्राला शिकवलं, की आधी लसूण मोज, खाऊन किती मिनिटं झाली ते काढ, तेवढा वजा कर, मग जागेपणाचा हिशेब लाव. तो आकडा शाळेला नको असतो, म्हणून त्यांना दिसत नाही.

तेजश्रीने ओळींवरून नजर फिरवली. वेळेवर आल्याच्या दिवशी: जाग येऊन ऐंशी मिनिटं, लसूण खाऊन चाळीस. पुढच्या दिवशी ब्याऐंशी आणि एकेचाळीस. सगळ्या ओळी अशाच, आधी उठणं, मग खाणं. मग उशिराच्या ओळी आल्या. जाग येऊन नऊ मिनिटं, लसूण खाऊन बहात्तर. जाग येऊन आठ, लसूण सत्तर. अकरा आणि त्र्याहत्तर. एकोणीसच्या एकोणीस ओळी.

तिचा चेहरा उजळला. उठायच्या तासभर आधी कुणी खातं का? यंत्र चुकतंय हे यंत्रानेच सांगितलं होतं. तिला वाटलं, हा कागद संकेतला दाखवायचा, तो आनंदाने नाचेल.

“नाही बाई,” पेंढारकर म्हणाले. “दोन्ही आकडे बरोबर आहेत. यंत्राला शेवटची जाग कळते, पहिली नाही. मुलगी उठली, जेवली आणि नंतर परत झोपली. वीसेक मिनिटं गाढ झोप लागली तरी पुरते, घड्याळ पुन्हा शून्यापासून चालू होतं.”

“पण झोपंल कुठं? घरातनं निघाल्यावर थेट शाळंत येती ती.”

पेंढारकरांनी पेटीचं झाकण लावलं. मग तिच्याकडे न बघता विचारलं, “तिला सोडायला कोण येतं?”

 तेजश्रीला जूनमधली पालकांची सभा आठवली. यंत्राची माहिती सांगून झाल्यावर मागच्या रांगेतून संकेतने हात वर करून विचारलं होतं, की मुलाने मध्येच डुलकी काढली तर हे घड्याळ परत सुरू होतं का हो? लोक हसले होते. माहिती देणाऱ्याने हो म्हणून सांगितलं होतं. आपला नवरा किती बारकाईने विचार करतो, असं वाटून तेजश्रीने तेव्हा शेजारच्या बाईकडे कौतुकाने पाहिलं होतं.

तिने त्या नोंदीचा कागद मागून घेतला, घडी करून पर्समध्ये टाकला आणि चालत घरी गेली. संकेत गार्गीला समोर बसवून मटार सोलत होता. काय म्हणाला तो माणूस, असं त्याने विचारलं. यंत्र जुनं झालंय म्हणाला, वर कळवतो म्हणाला, असं तिने सांगितलं. नऊ वर्षांच्या संसारातलं तिचं हे पहिलं खोटं, आणि ते तिला इतक्या सहज बोलता आलं की तिची तिलाच भीती वाटली. संकेत म्हणाला, बघ, मी सांगत नव्हतो? आणि मटाराचा एक दाणा त्याने तिच्या तोंडात घातला.

रविवारभर ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने गार्गीची नखं कापली, गॅसची टाकी बदलली, तिच्या आईला फोन करून गुडघ्याचं विचारलं. कुठेही वीण सुटलेली दिसेना. हा माणूस असं करणार नाही, दुसरं काही तरी कारण असेल, पोरीला गाडीत आपोआप डुलकी लागत असेल आणि याच्या लक्षात येत नसेल, अशी तिने मनाची समजूत घातली. मग ती स्वतःच मोडायची. मागे झोपलेली पोर एकोणीस वेळा बापाच्या लक्षात येत नाही, असं होत नाही.

सोमवारी पावणेसातला तिने गाडीचं दार लावलं, हात हलवला आणि बसच्या कोपऱ्यावर जाण्याऐवजी आधी सांगून ठेवलेल्या रिक्षात बसली. गाडी पूल ओलांडून गेली. पुलावर गर्दी नव्हती. शाळेच्या अलीकडे सुताला खळ लावायची एक बंद पडलेली सायझिंग गिरणी होती, तिच्या भिंतीला लागून शिरीषाची झाडं. गाडी तिथे वळली आणि सावलीत उभी राहिली. मागच्या काचेवर आतून पडदा ओढला गेला. तो पडदा ऊन लागू नये म्हणून तेजश्रीनेच शिवून दिला होता.

तिने रिक्षा लांबच थांबवली. लगेच गेली नाही. तिला अजूनही वाटत होतं, की फोन आला असेल, आता गाडी निघेल. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग तिने रिक्षा सोडली आणि चालत जाऊन पुढच्या काचेवर टकटक केलं.

संकेत दचकला नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि त्याचे खांदे सैल पडले. किती तरी दिवस दार वाजायची वाट बघत बसल्यासारखा तो दिसला. मागच्या सीटवर गार्गी कुशीवर झोपली होती, बूट काढून ठेवलेले, दप्तर उशाला. सात वाजून आठ मिनिटं झाली होती.

तो खाली उतरला. ताईने मला वाढवलं, तिला मी नाही म्हणू शकलो नाही, तुला हो म्हणायला लावू शकलो नाही, असं बरंच काही तो हळू आवाजात बोलत राहिला. तिथे पोरीचं कल्याणच होतं. वर्षभराचाच प्रश्न होता. मग तो म्हणाला, “मी भांडलो असतो तर तू वाईट झाली असतीस नाहीतर ताई. मशीननं ठरवलं असतं म्हणजे कुणीच वाईट झालं नसतं.”

“मी वाईट झाले की,” तेजश्री म्हणाली. “एकोणीस येळा. सह्या माझ्या हुत्या, संकेत. अर्ज तू लिवलंस.”

ती त्याला आजवर ‘अहो’ म्हणत आली होती.  तिला आरडाओरडा करायचा होता, त्याची कॉलर धरायची होती, पण हातात बारा मिनिटं होती आणि विसावा उशीर झाला की तिचं म्हणणं ऐकायला कुणी थांबणार नव्हतं. त्याने गाडीचं दार उघडून बस म्हणून खूण केली. ती त्या गाडीत बसली नाही. तिने गार्गीला उठवलं, बूट चढवले, दप्तर आपल्या खांद्याला लावलं आणि तिचा हात धरून चालू लागली.

गार्गी अर्धवट झोपेत पाय ओढत होती. तेजश्रीने तिला थोडा वेळ कडेवर घेतलं, मग पुन्हा खाली ठेवलं. चालायचा वेग तिने कमी केला नाही. त्याने यंत्राला फसवलं याचं तिला काही वाटत नव्हतं. यंत्राचं काय, ते फसायलाच ठेवलेलं असतं. पण अर्ज लिहिताना त्याने तिला विचारलं होतं, ‘कष्टकरी’ लिहू की ‘नोकरदार’, आणि ती विचार करून म्हणाली होती, कष्टकरी बरं वाटतं. तो सगळा वेळ त्याला माहीत होतं. ते तिला राहून राहून सोलून काढत होतं.

सात अठराला त्या फाटकावर पोचल्या. गार्गीने नळीत फुंकर मारली. यंत्रावर हिरवा दिवा लागला आणि ‘वेळेवर’ अशी अक्षरं उमटली. वेळेत आलेल्या मुलाची जाग कुणी बघत नाही. तेजश्रीने भिंतीला हात टेकून श्वास घेतला. मुजावर मॅडम ऑफिसच्या दारात उभ्या होत्या, पर्समध्ये पेंढारकरांचा कागद होता. तो त्यांच्या टेबलावर ठेवायचा, दुसरं नाव खोडून मागायचं, उद्यापासून पोरीला आपण आणायचं, पाळी बदलून मागायची, सगळं वाटेतच ठरलं होतं. पोरगी कुठे जात नव्हती. तेजश्री जिंकली होती.

तिने दप्तर गार्गीच्या पाठीला लावलं. गार्गी आत गेली नाही. तिथेच उभी राहून कसला तरी विचार करत होती.

“आई, मी तुला सांगितलं न्हाई हं,” ती म्हणाली. “तूच बघितलंस.”

“काय सांगितलं न्हाईस?”

“झोपायचं. आईला सांगितलं तर परत एकपासनं मोजायला लागतंय. बाबांचा नियम हाय.” मग आईच्या चेहऱ्यावर राग नाही हे बघून ती जवळ सरकली आणि तिने सगळं सांगून टाकलं. कधी कधी झोप यायचीच नाही, तरी ती डोळे घट्ट मिटून पडायची आणि मनातल्या मनात पाढे म्हणायची, मग यायची. एकोणीस झोपा झाल्या होत्या. वीस झाल्या की पुण्याला. आत्याने खोलीला निळा रंग दिला होता, फोनवर दाखवला होता. खाली पोहायचा तलाव होता. बाबा म्हणाले होते, आईला शेवटी सांगू, म्हणजे मज्जा येईल.

तेजश्री ऐकत राहिली. आठ महिने ती जिच्यासाठी यंत्राशी, शाळेशी, सगळ्या गावाशी भांडली, ती पोरगी मागच्या सीटवर पडून एकेक झोप जमवत होती. तिला रागावता येईना. सहा वर्षांच्या पोरीवर कशाचा राग धरायचा? पण छातीत जे तुटायचं ते तुटलंच. संकेतने केलं ते कळल्यावर तुटलं नव्हतं, ते आता तुटलं.

“मग आजची झोप धरायची का न्हाई?” गार्गीने विचारलं. “तू मधीच उठवलंस न्हवं?”

घंटा झाली. संध्याकाळी बोलू, असं तेजश्री कशीबशी म्हणाली. गार्गीचं तोंड एवढंसं झालं. ती वर्गाकडे निघाली आणि दाराशी थांबून, दप्तर पाठीला लटकत असताना, दोन्ही हातांची बोटं पुन्हा मोजू लागली.